पायपीट आणि शतपावली यांच्या मधलं चालणं

आजचा भाग चालण्यावर आहे, म्हणून आधी एक विनंती. हेडफोन लावून कुठे बसून ऐकत असाल, तर उठा आणि चालता चालता ऐका. वाचत असाल तर मात्र बसूनच वाचा. मोबाईलमध्ये डोकं घालून रस्त्यानं चालू नका. तो रस्ता आपल्या मेडशीतून जाणारा अकोला-वाशिम हायवे असेल, तर मुळीच नाही.

सुरुवात गावापासूनच करू. मृगाच्या आसपास दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते. अकोला, पातूर करत, घाट चढून ती मेडशीत येते आणि इथून मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड अशी पंढरपूरकडे जाते. सातशे किलोमीटरहून जास्त रस्ता, जवळपास महिनाभराची चाल. पांढऱ्या कपड्यातले शेकडो वारकरी, हातात पताका, शिस्तीत रांगा. सारं गाव रस्त्यावर येतं. कोणी चहा देतं, कोणी केळी वाटतं, कोणी नुसतं पाया पडतं. आपण म्हणतो, "काय चालतात हो ही माणसं!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण घरापासून स्टँडपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर जायला, गाडीला किक मारतो.

मीही तेच करायचो. मग एक दिवस ठरवलं, कामावर पायी जायचं. घरापासून काम दोन किलोमीटरवर. पहिल्या आठवड्यात पायापेक्षा उत्तरं देऊन तोंड जास्त दुखलं. जो भेटेल तो थांबून विचारी, "काऊन गा, गाडी पंक्चर झाली काय?" एकानं तर हळूच बाजूला घेऊन विचारलं, "हप्ता थकला काय?" पालखीतला पायी चालणारा माणूस देवासारखा, आणि कामावर पायी जाणारा माणूस अडचणीतला. असं का बरं झालं? त्या प्रश्नामागे लागलो आणि त्यातून आजचा भाग तयार झाला.

आधी भाषेकडे बघा. मराठीत चालण्यासाठी दोन ठळक शब्द आहेत. एक पायपीट. त्यात कष्ट आहेत, नाइलाज आहे. दुसरा शतपावली. जेवण झाल्यावर अंगणात सावकाश मारायच्या शंभर पावलांचा तो शब्द, त्यात सुख आहे, फुरसत आहे. आता सांगा, मी माझ्या मनानं, पैसे वाचावेत आणि तब्येत राहावी म्हणून रोज कामावर पायी जातो, या चालण्याला शब्द कोणता? पायपीट म्हणावं तर तक्रार वाटते, शतपावली म्हणावं तर चैन वाटते. मधल्या चालण्याला आपल्याकडे नाव नाही. पण इतिहास आहे, आणि चांगला दणदणीत आहे.

आपला वऱ्हाड जुन्या काळी दोन भागांत सांगितला जायचा. खालचं सपाट खोरं ते पाईनघाट आणि घाटावरचा प्रदेश तो बालाघाट. पातूर घाटाच्या पायथ्याशी, मेडशी वर. म्हणजे आपलं गाव पूर्वीपासून घाट चढून आलेल्या माणसाच्या वाटेवरचं. रेल्वे मुंबईहून भुसावळ, अकोला करत १८६७ साली नागपूरला पोहोचली, पण ती खालच्या खोऱ्यातून गेली. घाटावरच्या वाशिमला रेल्वे बघायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवर कापूस बैलगाडीनं जायचा आणि माणूस पायानं. टपाल नेणारे हरकारे हातात घुंगरांची काठी घेऊन टप्प्याटप्प्यानं पळत. अंतर कोसांत मोजलं जायचं, आणि कोस म्हणजे शेवटी पायांचाच हिशोब. त्या काळी पायी जाणं ही बातमीच नव्हती. सगळेच जायचे.

पण सगळ्यांचं चालणं सारखं नव्हतं. मराठी मुलखात कामावर पायी जाण्याची सगळ्यांना माहीत असलेली पहिली गोष्ट कोणती? ती आपण शाळेत शिकलोय, फक्त या नजरेनं कधी बघितली नाही. १८४८ साली पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई फुले रोज घरून शाळेत शिकवायला जाऊ लागल्या. रस्त्यात लोक शेण फेकत, चिखल फेकत, दगड मारत. म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत आणि शाळेत पोहोचल्यावर बदलत, असं सांगतात. ते काय होतं? कामावर पायी जाणंच होतं. अंतर फार नव्हतं, पण त्या काळी बाईनं कामासाठी रस्त्यावरून चालणं हेच लोकांना खुपत होतं. आज एखादी मुलगी सकाळी बॅग लावून एकटी पायी ऑफिसला निघते, तेव्हा त्या रस्त्यावर आधी कोणीतरी शेण झेललेलं असतं.

आता दुसरा माणूस, आजच्या विषयाचा खरा नायक. धोंडो केशव कर्वे. महर्षी कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. कोकणातल्या मुरूडचे, दापोलीजवळच्या. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना त्यांना एक सरकारी परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी साताऱ्याला पोहोचायचं होतं. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. दिवस पावसाळ्याचे, मध्ये सह्याद्रीचा घाट, हातात जेमतेम चार दिवस. बरोबरच्या पोरांसोबत ते पायी निघाले आणि वेळेत पोहोचलेही. तिथल्या साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परीक्षेला बसता येणार नाही. झालं! परत मुरूड.

आपण असतो तर चालण्याचं नाव काढलं नसतं. पण पंचवीस वर्षांनी हाच माणूस पुन्हा रस्त्यावर दिसतो. आता ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक आहेत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला होता. १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर एक साधी झोपडी. आज ज्याला आपण कर्वेनगर म्हणतो आणि जिथे सिग्नलला वीस मिनिटं जातात, तिथे तेव्हा धड रस्ताही नव्हता. शहरापासून अंतर सुमारे चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. कॉलेजात शिकवून झालं की कर्वे रोज पायी हिंगण्याला जायचे, आश्रमाला लागणारं सामान सोबत घेऊन. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता चिखल.

प्राध्यापक माणूस, टांगा करता आला नसता का? एखाद्या दिवशी आला असता. पण फर्ग्युसनच्या आजीव सदस्यांनी कमी पगारावर काम करायचं व्रत घेतलेलं, घर त्यातच चालवायचं, आश्रमही उभा करायचा. टांग्याला गेलेला प्रत्येक आणा आश्रमाचा कमी झाला असता. इथे बचत म्हणजे कंजुषी नव्हती. पैसा कुठे जावा हे त्यांनी ठरवलं होतं आणि पाय त्या ठरवण्याची किंमत भरत होते.

पुढची गोष्ट तर आणखी भारी. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं आणि वर्गणीसाठी पुण्यात दारोदार फिरले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी ते गेले. आता मी असं म्हणणार नाही की चालले म्हणून १०४ वर्षं जगले. एका माणसावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. पण एवढं नक्की, की त्यांनी तब्येतीसाठी वेगळा वेळ काढला नव्हता. पैसे वाचवायला निघाले आणि तब्येत वाटेत मिळाली.

आता जरा मुंबईत जाऊ, कारण तिथे या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. साध्या मजुराला रोज हे परवडणारं नव्हतं. १८९९ मध्ये भाडं एक आण्यावर आलं, तरी गिरणीतला माणूस कामावर पायीच जायचा. परळ, लालबाग, डिलाईल रोड, सगळीकडे चाळी गिरण्यांना चिकटून उभ्या होत्या. भोंगा झाला की माणसं जिना उतरायची आणि थोड्या वेळात गिरणीच्या गेटावर असायची. कोकणातून, घाटावरून आलेल्या या माणसांचे वाचलेले पैसे मनीऑर्डरनं गावाकडे जायचे.

मग १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, जमिनींचे भाव चढले. गिरणगावातली कित्येक कुटुंबं कल्याण, डोंबिवली, विरारकडे गेली. काल पायी कामावर जाणाऱ्याचा मुलगा आज लोकलला लटकून तासभर जातो. तो आळशी झाला म्हणून चालणं सुटलं का? नाही. घर आणि काम यांच्यातलं अंतर वाढलं. म्हणून कोणी तुम्हाला म्हणालं की "आजकालच्या पोरांना चालायला नको", तर आधी विचारा, काम किती लांब आहे?

खेड्यातही तेच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली बस धावली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि मग तीच एसटी आपलीही झाली. एसटीनं खेड्यातल्या माणसाची पायपीट कमी केली, आणि हे चांगलंच झालं. शाळेसाठी रोज पाच-सहा किलोमीटर तुडवणाऱ्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळतो, तेव्हा तिला कोणी सांगू नये की बाई, चालणं तब्येतीला बरं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेही तसंच. नाइलाजाचं चालणं कमी होणं ही प्रगतीच आहे.

गडबड पुढे झाली. पायपीट गेली, ठीक. पण तिच्यासोबत आपण सगळंच चालणं टाकून दिलं. हप्त्यावर दुचाकी आली आणि अर्ध्या किलोमीटरलाही गाडी लागायला लागली.

त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे पहिल्यांदा नीट कोणी दाखवलं, माहितीये? बसच्या कंडक्टरांनी! लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करत तिकिटं फाडणार. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. बस एक, डेपो एक, फक्त काम वेगळं. १९५३ मध्ये मॉरिस यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. पायी आणि सायकलनं पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनची खात्यातल्या बैठ्या कर्मचाऱ्यांशी तुलना केली, तिथेही तसंच दिसलं.

मॉरिस प्रामाणिक माणूस. १९५६ मध्ये त्यांनीच या लोकांच्या गणवेशांची मापं तपासली आणि सांगितलं, की तरुण वयातले ड्रायव्हरसुद्धा कंडक्टरांपेक्षा कंबरेनं जाड आहेत. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण पुढच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला. कामाचा भाग म्हणून होणारी रोजची हालचाल शरीराला राखते.

आता तुमच्या मोबाईलमधल्या दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मान्पो-केई'. अर्थ, दहा हजार पावलांचा मीटर. विक्रीचं नाव हळूहळू जगाचं ध्येय झालं. २०१९ मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढणं थांबत होतं. अभ्यास वयस्क बायकांचा आहे, तो जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री अकराला गच्चीवर फेऱ्या मारत असाल, तर झोपा निवांत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणं त्यात धरलं जातं. आता हिशोब करा. काम दोन किलोमीटरवर असेल तर एका बाजूला पंचवीस मिनिटं. जाऊन-येऊन पन्नास. आठवड्याचे सहा दिवस, तीनशे मिनिटं. जिमची फी नाही, पहाटेचा गजर नाही. आणि गरज किती आहे? २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. 'शुगर' हा आता फक्त शहरातल्या शेटजींचा आजार राहिलेला नाही.

आता पैशाचा हिशोब, आणि इथे मी तुम्हाला फसवणार नाही. पेट्रोल लिटरला शंभराच्या आसपास आणि गाडी पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं, तर किलोमीटरला दोन रुपये. रोजचे चार किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे शंभर किलोमीटर. वाचले किती? दोनशे रुपये. वर्षाचे चोवीसशे. बस्स, एवढेच. शेअर ऑटोला जाऊन-येऊन तीस रुपये लागत असतील, तर महिन्याला साडेसातशे, वर्षाला नऊ हजार. म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्याची चालून होणारी बचत लहान, आणि जो भाडं भरतो त्याची मोठी. खरी मोठी बचत वेगळीच. घरात दुसरी गाडी घ्यायची चर्चा चालू असेल आणि चालण्यामुळे ती टळली, तर डाउन पेमेंट, हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, सगळंच वाचतं. कर्व्यांसारखं एक मात्र करा. वाचलेले पैसे कुठे जाणार ते आधी ठरवा. नाहीतर ते दोनशे रुपये महिनाअखेरीस चहाच्या टपरीवर सापडतात.

आणि प्रत्येकाला हे जमणार नाही. मेडशीहून रोज मालेगावला पायी जा असं सांगणारा माणूस स्वतः तिकडे राहत नसणार. तुम्ही एसटीनं जात असाल तर स्टँडपर्यंतचं आणि तिकडे उतरल्यावरचं अंतर तेवढं पायी करा. उन्हाळ्यात विदर्भातलं ऊन चेष्टा करत नाही, तेव्हा सकाळी पायी जा आणि दुपारी येताना खुशाल कोणाच्या गाडीवर बसा. रस्त्याचंही बघा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळपास दर पाचातला एक. हायवेच्या कडेनं चालायचंच असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या बाजूनं चाला. अंधारात फिका कपडा घाला, आणि ट्रकच्या रस्त्यावर दोन्ही कानांत हेडफोन नको. हा पॉडकास्टसुद्धा नको.

शेवटी परत त्या "गाडी पंक्चर झाली काय" या प्रश्नाकडे येतो. २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं, की तुम्ही कामावर कसे जाता? सुमारे साडेचार कोटी लोकांनी सांगितलं, पायी. एवढी माणसं चालतात, तरी आपल्याला पायी जायची लाज वाटते. आणि त्या आकड्यातही एक गोम आहे. तो प्रश्न शेतकरी आणि शेतमजुरांना विचारलाच नव्हता. म्हणजे आपल्या गावातून रोज सकाळी डोक्यावर डबा, हातात विळा घेऊन निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या ज्या बाया आहेत, त्या या साडेचार कोटींत धरलेल्याच नाहीत. दिवसभर वाकून काम करायचं आणि परत तेवढंच चालत यायचं. त्यांना कोणी फिट म्हणत नाही, त्यांच्यापुढे कोणी केळी धरत नाही.

मी पायी जायला लागलो तेव्हा सकाळी सातला रस्त्यावर त्याच होत्या. गाडीवरून जाताना त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या. पहिले काही दिवस त्या माझ्याकडे बघून हसायच्या. मग एक दिवस त्यांच्यातली एक मावशी म्हणाली, "चाल बापा, आमच्यासोबत चाल. पण जरा उचल पाय, आमाले उशीर होते." खोटं कशाला सांगू, त्यांच्या वेगानं मला जमेना. त्या पुढे निघून गेल्या, मी मागे राहिलो. अजूनही मागेच असतो, पण आता अंतर कमी झालंय.

तुमचं काम घरापासून किती पावलांवर आहे, ते उद्या एकदा मोजा. आणि पायी निघालात तर वाटेत कोण कोण दिसलं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.